झेंडूच्या बियांबरोबर गेलेले पान

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे, पण माझे पहिले पान माझ्याजवळ नाही. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातले, चारशे वर्षांपूर्वीचे, घरातले नि बाजारातले शब्द माझ्यात आहेत. 'यातले बरेच शब्द आता कोणी बोलत नाही', असे त्या पानावर छापले होते.

राहात्याच्या मिशन बंगल्यातले साहेब विलायतेला परतताना मला इसहाक माळ्याकडे देऊन गेले. तेव्हा त्याला अक्षर येत नव्हते. झेंडूचे बी बांधायला कागद हवा होता, म्हणून त्याने ते पान फाडले.

चाळिशी उलटल्यावर तो मराठी लिहायला शिकला, आणि माझा मान वाढला. त्याने मला मेणकापडात गुंडाळले. १९४६ साली त्याची मुलगी मार्था नगरला नर्सिंगच्या मुलाखतीला जायची होती.

"पोरी, हे थेट विलायतेचं इंग्रजी हाय. हेच पाठ कर," तो म्हणाला.

मार्थाने दोन महिने मला पाठ केले.

मुलाखतीत डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याविषयी विचारले. मार्था सर्जनला 'चिरर्जन' म्हणाली, औषधाला 'फिजिक'. कारकून हसला. "बाई, कोन्या राजाच्या दवाखान्यात हुता तुमी?" "पुस्तकात असंच हाय," म्हणत मार्थाने पिशवीकडे बोट दाखवले.

बाईंनी तिच्या पिशवीतून मला मागून घेतले, चाळले. "शब्द खरे आहेत, मुली. पण ते बोलणारी माणसं कधीच गेली. याचं पहिलं पान कुठं आहे?"

तिच्यासोबत आलेला, दाराशी उभा इसहाक खाली बघत म्हणाला, "बाईसाहेब, म्याच फाडलं. बी बांधाया."

त्या वर्षी मार्थाला घेतले नाही. मी पेटीच्या तळाशी गेलो. पावसाळा सरल्यावर तिनेच मला बाहेर काढले. शाळेतल्या बाईंना विचारून तिने 'चिरर्जन'पुढे सर्जन, 'फिजिक'पुढे मेडिसिन, 'किर्टल'पुढे स्कर्ट असे पेन्सिलीने लिहिले. मग एक कोरा कागद बापापुढे ठेवला.

"बा, ते पान आता तुमी लिवा."

"माझं अक्षर लई वाकडं हाय."

"असू द्या."

इसहाकने लिहिले, 'हे शब्द जुने हायेत. आधी विचारा, मंग बोला.' आणि कणकेच्या खळीने तो कागद मला चिकटवला. पुढच्या वर्षी मार्थाला घेतले.

मित्रांनो, जुने शब्द टाकू नका, आणि त्यांचे वय सांगणारे पान फाडू नका. माझे छापील पान मातीत गेले. आता हे वाकड्या अक्षरांचेच माझे पहिले पान आहे. मला उघडाल तेव्हा ते हळू उलटा. खळ जुनी झाली आहे.