फवारणी पंपाचे पट्टे

दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून प्रियदर्शनीचा डावा खांदा निखळला, तेव्हापासून कॅमेरा घेऊन डोंगर चढणं बंदच झालं होतं. लग्नाचे फोटो काढून पोट भरत होतं, पण जीव डोंगरातल्या जनावरांत होता. शेवटी वडिलांनी, शेषरावांनी, जुन्या फवारणी पंपाचे पट्टे काढले. बापलेकीनं मिळून ते जाड कमरपट्ट्याला शिवले.

"वजन खांद्यावर न्हाई, कमरेवर यायला पायजे," शेषराव म्हणाले. छातीवरच्या कडीतून कॅमेरा एका हातानं सुटायचा.

रविवारी सकाळी औंढ्याजवळच्या डोंगराखाली, लांडग्यांचे फोटो काढायला निघालेल्या ग्रुपचा म्होरक्या स्वप्निल ते पट्टे बघून हसला. "मॅडम, फवारणीला आलात काय?"

सगळेच हसले.

"कॅमेरा बॅगेत टाका. पडलात तर जबाबदारी माझ्यावर येते."

"घट्ट बसलाय. हात लावून बघा."

त्यानं बघितलंही नाही. "माझ्यासोबत यायचं तर माझे नियम."

लांडग्यांची जागा फक्त त्यालाच माहीत होती. प्रियदर्शनीनं राग गिळला आणि पट्टे सोडले. कॅमेरा बॅगेत गेला. शिवाय, जागा आहे म्हणून स्वप्निलनं आपला ट्रायपॉडही त्यातच कोंबला. त्याचा स्वतःचा कॅमेरा मात्र गळ्यात झुलत दगडांवर आपटत होता. ती मागून बघत चढत राहिली. अर्ध्या वाटेवर खांद्यात आग पेटली.

माथ्यावर स्वप्निल बोलत पुढं निघून गेला. करवंदीच्या जाळीतून लांडगीण बाहेर आली ती त्याच्या पाठीमागं. तोंडात पिल्लू. प्रियदर्शनीपासून वीस पावलांवर. तिनं बॅग उतरवली, ट्रायपॉड उपसला, चेन ओढली. त्या आवाजानं लांडगिणीनं मान वर केली आणि ती जाळीत नाहीशी झाली.

स्वप्निल धावत आला. "चेन हळू उघडता येत नाही? घालवलीत ना!"

"मी घालवली?" तिचा आवाज चढला. "कॅमेरा माझ्या छातीवर होता! तो बॅगेत कुणी टाकायला लावला? माझा खांदा निखळला होता हे सांगितलं होतं तुमाला. तरी तुमचं ओझं माझ्या पाठीवर काहून?"

"आवाज खाली. ग्रुपमधून नाव काढीन."

"काढा. आत्ता काढा!"

ट्रायपॉड तिथंच टाकून, पट्टे बांधून ती एकटी उतरली. कुणी थांबवलं नाही.

घरी शेषरावांनी विचारलं, "दिसला का लांडगा?"

"दिसला."

"मंग फोटू?"

तिला रडू फुटलं. स्वप्निलची चीड होतीच. पण चार माणसं हसली म्हणून आपल्याच हातानं बक्कल सोडलं, याचा संताप त्याहून मोठा होता.

पुढच्या रविवारी ती एकटीच गेली. लांडगीण जागा सोडून गेली होती. उतारावर एक रोही, नीलगाईचा नर, मात्र समोर उभा राहिला, आणि छातीवरच्या कडीतून कॅमेरा क्षणात उजव्या हातात आला. दुपारी तिनं स्टेटसला ठेवलेला तो फोटो बघून स्वप्निलचा मेसेज आला: ग्रुपच्या पानावर टाकू का?

"न्हाई," तिनं लिहिलं, आणि त्याचा नंबर काढून टाकला.