पंचाच्या कमरेचा पिवळा रुमाल

मी रुमाल बोलतोय. पण नाक पुसायचा नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवतो. मी अमेरिकन फुटबॉलच्या पंचाच्या कमरेला खोचलेला पिवळा रुमाल. मैदानावर कुणी आगळीक केली की मला भिरकावतात, आणि मी जमिनीला टेकायच्या आत सत्तर हजार माणसं मला शिव्या घालायला लागतात. इतक्या माणसांनी एकदम बघावं असं भाग्य भरजरी शालूलाही लाभत नाही.

माझा जन्म ओहायोतल्या एका स्वयंपाकघरात झाला. मार्लीस हॉस्टेट्लरबाईंनी खिडकीच्या जुन्या पडद्यातून मला बेतलं आणि मी वाऱ्यावर उडून जाऊ नये म्हणून पोटात मूठभर मक्याचे दाणे शिवले. त्यांचे यजमान ग्लेन सोमवार ते शुक्रवार दातांचे डॉक्टर आणि रविवारी पंच. आठवडाभर लोकांचे दात वाचवायचे आणि रविवारी दात पाडणाऱ्यांच्या गर्दीत उभं राहायचं, असा त्यांचा नेम.

आमच्या फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो. एकाने चेंडू बगलेत मारून पळायचं आणि दुसऱ्याने अंगावर झेपावून त्याला पाडायचं. खांद्याने पाडलं तर टाळ्या, डोक्याने डोक्यावर धडक दिली तर मी. हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज आला की लोक आधी आनंदाने किंचाळतात, आणि पडलेला हलत नाही असं दिसलं की टोप्या काढून प्रार्थना करतात. दोन्ही अगदी मनापासून.

एका सामन्याची मला अजून लाज वाटते. ऑर्लिन बीझली नावाच्या खेळाडूला जबर धडक बसली. ग्लेन यांचा हात माझ्यापर्यंत आला आणि थांबला. ऑर्लिन उठला, अंगठा दाखवला आणि शेवटपर्यंत खेळला.

पुढचं मी सात वर्षांनी ऐकलं, मार्लीसबाईंच्या शिवणाच्या डब्याशेजारी पडल्या पडल्या. त्या माझा उसवलेला कोपरा शिवत होत्या.

"आज ऑर्लिन भेटला जेवणाला," ग्लेन म्हणाले. "मला मुली किती, असं विचारलं त्याने. मी म्हटलं, दोन. सूप संपेपर्यंत तेच तीनदा विचारलं गं."

"तुला ती धडक नीट दिसली नव्हती ना?"

"नव्हती. पण उठल्यावर तो दुसऱ्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला, ते दिसलं होतं."

बाईंनी दोरा दाताने तोडला. "मग पुढच्या वेळी ते बघ."

पुढची वेळ जानेवारीत आली. बर्फ भुरभुरत होता, मोसमातला निर्णायक सामना, दोन मिनिटं उरलेली आणि आमच्याच गावाचा लाडका संघ तीन गुणांनी मागे. त्यांचा हुकमी गडी टायरेल ऑगबर्न याने चेंडू झेलला मात्र, समोरच्याने डोकं खाली घालून त्याच्या डोक्यावर धडक दिली. या वेळी ग्लेन थांबले नाहीत. मी हवेत होतो. दंड पाहुण्यांना बसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच आमच्या लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. ते सुख वीसेक सेकंद टिकलं.

टायरेल उठला, अंगठा दाखवला आणि डुलत डुलत पाहुण्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. ग्लेननी शिट्टी फुंकली.

"ऑगबर्न, बाहेर."

"साहेब, मी ठणठणीत आहे."

"आज कुणाशी खेळतोयस?"

टायरेलने मान वळवून गुणफलक शोधला.

"तिकडे नको. माझ्याकडे बघून सांग."

तो अगदी हळू म्हणाला, "दोनच मिनिटं राहिलीत हो. माझी आई आलीय बघायला."

"म्हणूनच बाहेर."

आमच्या संघाचा प्रशिक्षक धावत आला. "डोकं फिरलंय का तुझं, दातपाड्या?"

"माझं नाही, त्याचं फिरलंय. डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टरांनी टायरेलला मैदानाकडेच्या तपासणीच्या तंबूत नेलं आणि तिथून थेट इस्पितळातच पाठवलं. मेंदूला मार बसला होता. आमचा संघ तीन गुणांनी हरला.

सोमवारी दवाखान्यात शुकशुकाट. मला धुवायला टाकायचं विसरून ग्लेन कोटाच्या खिशातच घेऊन गेले होते, म्हणून मला कळलं. विल्मा श्राक नावाच्या म्हाताऱ्या बाई तेवढ्या आल्या.

"कवळी तुमच्याकडूनच बसवून घेईन, पण तुमच्याशी बोलणार नाही."

"आ करा," ग्लेन म्हणाले. "आता तुमचा शब्द खरा होईल."

वसंतात टायरेलची आई आली. लोरेटा ऑगबर्न, धिप्पाड बाई, हातात रताळ्याचं सारण भरून भाजलेली गोड पाई.

"त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोलले, डॉक्टर, ते देवाच्या कानावर न जावो."

"माझ्या कानावर आलं. तिसऱ्या रांगेत होतात ना?"

बाई खळखळून हसल्या आणि हसता हसता खुर्चीत बसून डोळे पुसायला लागल्या. "त्याला तो सामना अजून आठवत नाही. पण काल माझ्याशी भांडला. बहिणीच्या लग्नात मी कुठली हॅट घातली होती, ते सांगून मला खोटं पाडलं त्याने. इतकं बारीक आठवतंय त्याला!"

ग्लेननी खिडकीबाहेर बघत चष्मा पुसला, मग पाईचे दोन तुकडे खाल्ले. दातांच्या डॉक्टरला शोभणार नाहीत एवढे मोठे.

पुढच्या मोसमात टायरेल परतला आणि तिसऱ्याच सामन्यात डोकं खाली घालून समोरच्यावर आदळला. मी पडलो तो त्याच्याच पायाशी.

"साहेब, मी काय केलं?" तो तणतणला.

आणि तिसऱ्या रांगेतून लोरेटाबाई उभ्या राहून ओरडल्या, "आंधळा आहेस का रे, दातपाड्या?"

ग्लेन हसले. मीही हसलो असतो, पण चिखलात तोंडावर पडलो होतो.

आता ग्लेन यांचे गुडघे निवृत्त झालेत आणि त्यांच्याबरोबर मीही. दवाखान्यात, प्लास्टरच्या जबड्यांशेजारी एका खिळ्याला लटकतो. माझा रंग उडालाय, गवताचे डाग काही जात नाहीत. माझ्या जागी नवे रुमाल आहेत, त्यांनाही शिव्या बसतात. खुशाल घाला. शिव्यांनी रुमाल फाटत नाही. फक्त तो मैदानात पडला, की त्याच्याकडे नंतर बघा. आधी बघा, माणूस कोण पडलाय.