भट्टीचा मान

बेकरीतले सगळे तिला वहिनी म्हणत, कारण मालक तिचा धाकटा दीर होता. पीठ मळायला माणसं होती, गल्ल्यावर नवरा होता. पण भट्टीच्या तोंडात हात घालून ताव बघायचा मान तिचा. वहिनींनी "टाका" म्हटल्याशिवाय पावाचा एकही ट्रे आत जात नसे. सासूने आपल्या हाताने शिकवलेलं काम ते. त्या एका बाबतीत ती घरात कुणाचं ऐकून घेत नसे.

मग तिची गर्भाची पिशवी काढावी लागली, सोबत अंडाशयंही. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "सुटलीस बाई!" सुटली कसली डोंबलाची! कामावर परतली आणि छातीतून एकदम जाळ उठायला लागला. मान, कान, टाळू, सगळं पेटायचं, अंगावरचे कपडे घामाने चिंब व्हायचे आणि मागोमाग हुडहुडी भरायची. नवऱ्याला सांगितलं, तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता तो म्हणाला, "आता काय राहिलंय त्रास व्हायला? काढलं ना सगळं?" माणूस वाईट नव्हता, नुसता ठोंब्या होता. आई असती तर तिला विचारलं असतं, तुझंही असंच झालं होतं का गं. पण आई जाऊन वर्षं झाली होती.

एका सकाळी तिने भट्टीत हात घातला आणि नेमका तेव्हाच अंगातला जाळ उठला. तिला वाटलं, भट्टी तापली. "टाका," ती म्हणाली. पाव निघाले ते पांढरेफटक, आतून कच्चे. दुसऱ्या दिवशी त्या धसक्याने ती थांबतच राहिली, भट्टी जास्त तापली आणि सगळ्या मालाचा कोळसा झाला.

दीर ओरडला असता तर परवडलं असतं. तो मऊ आवाजात म्हणाला, "वहिनी, खूप केलंत तुम्ही. आता घरी आराम करा. भट्टीला काटा बसवून घेतो, तोच ताव दाखवेल."

घरी? दिवसभर चार भिंतींकडे बघत एकटीने घाम पुसत बसायचं? असलं काही दिरापुढे बोलायचं नसतं, हे तिला कळत होतं. पण लाजत बसली तर भट्टी जाणार होती.

"भाऊजी, माझ्या हाताला काही झालेलं नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "पिशवी काढल्यापासून माझ्याच अंगातून वाफा निघतात. तेवढा वेळ मला भट्टी कळत नाही. ते ओसरलं की कळते. तेवढं थांबायचं, बस."

पीठ मळणारे हात जागीच थांबले. नवरा कानापर्यंत लाल झाला. दीर जमिनीकडे बघत म्हणाला, "बरं. थांबू."

दुसऱ्या सकाळी ती भट्टीपाशी गेली आणि जाळ आलाच.

"थांबा," ती म्हणाली.

माणसं हातात ट्रे धरून उभी राहिली. कुणी पावाच्या गोळ्यांकडे बघत होतं, कुणी छताकडे. नवऱ्याने गल्ल्यावरचं फडकं उचललं आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली. तिच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. कुणीतरी नुसतं "पाणी देऊ का?" विचारावं, एवढंच तिला वाटत होतं. कुणी विचारलं नाही.

जाळ हळूहळू उतरला. तिने भट्टीत हात घातला. ताव अगदी बरोबर होता.

"टाका," ती म्हणाली, आणि सगळे घाईघाईने कामाला लागले.