कोथरूडला सोळा, विश्रांतवाडीला अठरा

पहिल्या तपासणीला आलेल्या बाईचं मी आधी वजन घेते, मग रक्तदाब, आणि हे चालू असताना तिच्याबरोबर आलेल्या माणसांचंही माप घेऊन टाकते. सदाशिव पेठेतल्या या प्रसूतिगृहात मला बावीस वर्षं झाली. तेवढ्या काळात वजनकाटा दोनदा बदलावा लागला. माझं माणसांचं माप फारसं बदलावं लागलेलं नाही.

तेजस्विनी नवव्या आठवड्यात आली तेव्हा तिच्याबरोबर तीन माणसं होती. भिंतीवर डॉक्टरबाईंनी लावलेली पाटी आहे: ‘पेशंटसोबत एकच व्यक्ती. आपण कोण आहात हे सांगू नये, आम्हाला कळतं.’ तिघांनी ती वाचली आणि तिघांनाही ती उरलेल्या दोघांसाठी आहे असं वाटलं.

नवरा इंद्रजीत दाराशीच उभा राहिला, कारण आत कुणाचं तरी रक्त काढत होते आणि त्याला ते बघवत नव्हतं. आई द्वारकाबाई विश्रांतवाडीच्या. त्यांच्या शेतावर आता सोसायटी उभी आहे, बोलणं मात्र अजून शेतातच आहे. सासूबाई नलिनीताई कोथरूडच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या खुर्चीवर बसल्या तरी वर्गात उभ्या असल्यासारख्या वाटत.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे द्वारकाबाईंचं म्हणणं. त्यांनी आळंदी रस्त्यावरचं एक हॉस्पिटल बघूनही ठेवलं होतं. सुनेचं घर आता कोथरूडला आहे आणि तिथल्या हॉस्पिटलला लिफ्ट आहे, हे नलिनीताईंचं. महिनाभराच्या वाटाघाटींनंतर दोघींनी मधोमधचं आमचं ठिकाण ठरवलं, जिथे दोघींनाही पार्किंग मिळत नाही. तेजस्विनीला काय हवं होतं हे मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “जिथे भांडण होणार नाही तिथे.” असं ठिकाण पुण्यात अजून बांधलेलं नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

पुढचं सगळं नेहमीसारखं चाललं. रक्त, लघवी, थायरॉइड. तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी आणि पाचव्यातली मोठी, ज्यात बाळाचं हृदय, मणके, मूत्रपिंडं एकेक करून बघतात आणि आईला वाटतं डॉक्टर बोलत का नाहीत. मग ते ग्लुकोजचं गोड पाणी पिऊन साखर बघणं, धनुर्वाताची इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या. गोळी दूध-चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या, असं मी सांगितलं. नलिनीताईंनी ते लिहून घेतलं. द्वारकाबाई म्हणाल्या, पोटुशीला दूध न्हाई द्यायचं तर काय म्हशीला द्यायचं. मग ठरलं, दूध सकाळी आणि गोळी दुपारी. डोहाळजेवणं दोन झाली, हिरव्या साड्या दोन झाल्या. सातव्या महिन्यापासून तेजस्विनीचं घरून काम सुरू झालं आणि तिचा आठवडाही वाटला गेला: बुधवार ते रविवार दुपार कोथरूड, रविवार दुपार ते बुधवार विश्रांतवाडी. ती आणि तिचा लॅपटॉप दर तीन-चार दिवसांनी मुळा-मुठा ओलांडत होते.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात मी तिला हालचालींचा तक्ता दिला. साधा कागद. तिन्ही वेळच्या खाण्यानंतर तासभर डाव्या कुशीवर पडायचं, बाळ हललं की एक रेघ मारायची. तासात तीनपेक्षा कमी झाल्या तर आणखी एक तास मोजायचं, आणि तरीही कमीच वाटल्या, किंवा नुसती शंका जरी आली, तर फोनबिन न करता सरळ इथे यायचं. हे मी तेजस्विनीला सांगत होते. तिच्या मागे दोघी ऐकत होत्या, आणि चूक तिथेच झाली.

नलिनीताईंनी कागदाची झेरॉक्स काढून एक प्रत विश्रांतवाडीला दिली. वरवर पाहता हा उमदेपणाच होता.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. तेजस्विनी कुशीवर पडून मीटिंगमध्ये असायची, त्यामुळे मोजण्याचं काम घरच्या मोठ्या बाईने अंगावर घेतलं. पोटावर हात, दुसऱ्या हातात पेन. कोथरूडला दिवसाच्या बारा भरल्या. तेजस्विनीने ते माहेरी सहज सांगितलं. विश्रांतवाडीला तेरा भरल्या. आता बाळ कुठे खूश असतं हा प्रश्न कुणी उघड विचारला नव्हता, पण उत्तरं दोन्हीकडून येऊ लागली. नलिनीताई म्हणायच्या, आमच्याकडे शांतता आहे, म्हणून त्याला मोकळं वाटतं. द्वारकाबाई म्हणायच्या, पोटात भाकरी गेल्याबगर लेकरू हलंल कशाला.

अडतिसाव्या आठवड्यात, एका सोमवारी सकाळी, तपासणीला तेजस्विनी विश्रांतवाडीहून आली, आईबरोबर. नलिनीताई कोथरूडहून बसने आल्या, आपला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून. दोन्ही तक्ते माझ्या टेबलावर पडले.

मी आयुष्यभर तक्ते वाचत आले आहे. खरी नोंद कधी नीटस नसते. तिच्यात एखाद्या दिवशी चहाचा डाग असतो, एखाद्या दिवशी बाई विसरते, एखाद्या दिवशी बाळ उगाच झोपून राहतं. या दोन कागदांवर बाळाने गेल्या तीन आठवड्यांत एकदाही माघार घेतली नव्हती. कोथरूडला चौदा, विश्रांतवाडीला पंधरा. कोथरूडला सोळा, विश्रांतवाडीला अठरा. बाळ म्हणजे काय सोन्याचा भाव आहे, रोज चढायला?

मग मी रविवार पाहिला. रविवारी दुपारच्या जेवणानंतर कोथरूडच्या कागदावर सहा होत्या. त्याच रविवारी, त्याच जेवणानंतर, विश्रांतवाडीच्या कागदावर सात.

वजन घेण्याच्या खोलीत मी फक्त पेशंटला घेते. दार लावलं आणि तिला काट्यावर उभं केलं.

“काल दुपारी जेवलीस कुठे?”

“जेवलेच नाही, सिस्टर. संगमवाडीच्या पुलावर अडकलो होतो. घरी पोचून चार वाजता पोहे खाल्ले.”

“मग तासभर पडलीस कधी?”

ती काट्याकडे बघत राहिली. “पडलेच नाही.”

“आणि आज सकाळी?”

मी वजन लिहिलं, तिला खुर्चीत बसवलं.

“सकाळी मला कमी वाटलं,” ती म्हणाली. “एकदाच काहीतरी, तेही हलकं. कालही तसंच होतं. पण माझ्या मम्मीने आज पाच लिहिल्या ना. कागदावर पाच आहेत म्हटल्यावर मला वाटलं, माझंच लक्ष नसेल.”

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेणारी मुलगी. स्वतःच्या पोटापेक्षा कागदावर तिचा जास्त विश्वास.

मी तिला डाव्या कुशीवर झोपवलं, पोटाला ठोक्यांचं यंत्र बांधलं आणि डॉक्टरबाईंना बोलावलं. त्या वीस मिनिटांत खोलीत बाळाच्या ठोक्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता. ठोके होते, ही चांगली गोष्ट. पण बाळ हललं की यंत्राची रेघ जशी वर उडी मारते, तशी ती मारत नव्हती. कंटाळलेल्या कारकुनाच्या सहीसारखी सरळ चालली होती. सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी कमी निघालं.

“घरी पाठवत नाही,” डॉक्टरबाई तेजस्विनीला म्हणाल्या. “आज दाखल करू, कळा सुरू करू. बाळाचे ठोके सतत बघत राहू. त्याला झेपलं तर नेहमीसारखी प्रसूती. नाही झेपलं तर सीझर, आणि त्यासाठी मी थांबणार नाही. तू आज आलीस हे चांगलं झालं.”

तेजस्विनीने विचारलं, “बाळ ठीक आहे ना?”

“आत्ता आहे. पुढेही राहावं म्हणूनच हे चाललंय.”

मी बाहेर आले आणि दोन्ही कागद बाकावर दोघींच्या मधे ठेवले, रविवार दिसेल असे. नलिनीताईंनी चष्मा लावला. गणिताच्या बाईंना एका ओळीचं गणित सोडवायला फार वेळ लागला नाही; त्यांच्या कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या.

द्वारकाबाई म्हणाल्या, “म्या एकदोनच वाढीवलं व्हतं. ह्यांनी किती वाढीवलं ते इचारा की.”

“मी वाढवले नाहीत,” नलिनीताई म्हणाल्या. “जिथे शंका होती तिथे पुढच्या पूर्णांकात घेतलं.”

“आन् काल? काल तर पोरगी पुलावर हुती.”

“तुमच्या सात कुठून आल्या मग?”

द्वारकाबाईंनी कागद उलटा केला, जणू मागे उत्तर असेल. “तुम्ही रोज दुपारच्या सा लिवता, ते पोरीनं सांगितलं मला. म्हणून सात.” आणि मग, कागदाकडेच बघत, “आज सकाळी मला बी एकच लागली व्हती हाताला.”

यावर नलिनीताई काहीतरी बोलतील असं मला वाटलं. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि विहीणबाईंपुढे धरली. द्वारकाबाई पाणी प्यायल्या. नऊ महिन्यांतला त्यांच्यातला हा पहिला व्यवहार, ज्यात कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं.

प्रसूतीच्या खोलीत सोबत एकच माणूस चालतं. यावर आठवा महिना अख्खा खर्ची पडला होता. दोघींनी मला वेगवेगळं गाठून आपापलं नाव फॉर्मवर घालायला सांगितलं होतं, आणि मी दोघींनाही ‘बघू’ म्हटलं होतं. आता मी फॉर्म पुढे केला तर द्वारकाबाईंनी नलिनीताईंकडे बोट दाखवलं आणि नलिनीताईंनी द्वारकाबाईंकडे. फॉर्म तेजस्विनीकडे गेला. तिने लिहिलं: इंद्रजीत.

“अगं, त्याला सुई बघवत नाही,” मी म्हटलं.

“घाबरेल,” ती म्हणाली. “पण जे दिसेल तेच सांगेल.”

इंद्रजीत ऑफिसमधून आला, चेहऱ्याचा रंग अर्धा उडालेला. मी त्याला तिच्या उशाशी स्टूल दिलं आणि पडद्यापलीकडे बघायचं नाही हे बजावलं. कळा सुरू करायचं औषध आत ठेवलं, दुपारनंतर कळा यायला लागल्या. पुढचा वेळ बायकांना कुणी आधी सांगत नाही तसा गेला, म्हणजे फार हळू: चालणं, गरम पाण्याची पिशवी, दर काही तासांनी आतली तपासणी आणि तीच बातमी, अजून थोडं. डॉक्टरबाईंनी रेघेवरची नजर काढली नाही. दर कळेच्या वेळी रेघ खाली जायची आणि सगळे ती वर येण्याची वाट बघायचे. ती येत राहिली.

मॉनिटरवरचे आकडे इंद्रजीत आपल्या मोबाइलमध्ये टिपत होता. ते काम त्याला कुणी दिलं नव्हतं, पण हाताला काम असलं की तो शुद्धीवर राहतो असं दिसल्यावर मी अडवलं नाही. नंतर मी ती नोंद वाचली: ‘१३८. १४०. १२२, डॉक्टर बघतायत. १३६. मग मला खाली बसायला लागलं, नोंद नाही. १४१.’

बावीस वर्षांत इतका प्रामाणिक तक्ता मी पाहिलेला नाही.

मंगळवारी सकाळी साडेदहाला मुलगी झाली. बाहेर आली आणि रडली नाही. मी तिला पुसत, पाठ चोळत होते. खोलीत जो तो सेकंद मोजत होता, आणि या वेळी वाढवण्यासारखं काही कुणाला सुचत नव्हतं. मग ती रडली, पेठेत ऐकू जाईल अशी. दोन किलो सहाशे चाळीस. तेजस्विनीने बाळाला छातीशी घेतलं आणि विचारलं, खरंच ठीक आहे ना. इंद्रजीत म्हणाला, “रडतेय. गुलाबी आहे. हात हलवतेय. पाय एकच दिसतोय, दुसरा टॉवेलखाली असावा.” ती हसली, मग रडली.

दुपारी मी खोलीत नवा कागद घेऊन गेले. बाळ किती वेळा दूध प्यालं, किती वेळा शू केली, किती वेळा शी, हे पहिले दिवस लिहायचं असतं. दोघी आज्या पाळण्याच्या दोन बाजूंना होत्या. कागद बघून दोघींनी हात मागे घेतले.

मी म्हटलं, कागद एकच, झेरॉक्स काढायची नाही. आकडा तेजस्विनी सांगेल. ती झोपली असेल तर तुम्ही लिहा, पण प्रत्येक नोंदीपुढे दोघींच्या सह्या हव्यात.

संध्याकाळी मी रक्तदाब घ्यायला गेले तेव्हा तेजस्विनी झोपली होती आणि दोघी लंगोटावर वाकल्या होत्या.

“वला हाय,” द्वारकाबाई हळूच म्हणाल्या.

नलिनीताईंनी बोट लावून पाहिलं. “ओला आहे. पण मघाशी तुम्ही पाण्याचं बोट लावलं होतं.”

“लावलं व्हतं खरं.”

दोघींनी थोडा विचार केला. मग नलिनीताईंनी शूच्या रकान्यात काहीच न लिहिता पेन खाली ठेवलं, आणि दोघी पुढच्या लंगोटाची वाट बघत बसल्या.