विमलबाईंचा आवाज

“गोळी खाल्लाव का, अप्पा?”

“ठेव तिकडं. आता गोळीचं काय काम हाय?”

गुंडेराव भर दुपारी दाढी करून, पांढरं धोतर नेसून ओट्यावर बसले होते. ना कुणाचं लग्न, ना पौर्णिमा, ना विहारात कसला कार्यक्रम. बायकोचा, राजश्रीचा फोन आला तसा सुगत बसवकल्याणचं दुकान अर्धं उघडं टाकून मोटारसायकलवरून गावी, राजेश्वरला, धावून आला होता. सासऱ्यांनी सकाळची हृदयाची गोळी घेतली नाही, भाकरीला हात लावला नाही, आणि बोलत तर अगदी शहाण्यासारखे आहेत, याचीच तिला जास्त धास्ती बसली होती.

“कुठं निघालाव?” सुगतनं विचारलं.

“निघालो न्हाई. बसलोय. तुझ्या मायनं बोलावलंय.”

विमलबाईंना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं.

“बोलावलंय म्हंजे?”

“नाव घेऊन बोलावली. सकाळी, फोनवर. गुंडेराव म्हणली.” म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट जरासा संकोच होता, नव्या नवरदेवाला असतो तसा. “जल्मात कधी घेतली न्हाई, ती आज घेतली. आता बायकू नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारायली म्हंजे काय, हे मी तुला सांगावं का?”

बाप खुळावला असता तर डॉक्टर होता, दवाखाना होता. पण बाप खरं बोलत होता. फोनवर विमलबाईच बोलल्या असणार, आणि त्यांना तिथवर पोचवणारा कोण, तर सुगत स्वतः, हा दीडशहाणाच.

सुगतचं बसवकल्याणात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. लोक भंगारात घालायला निघालेली यंत्रं तो जिवंत करून देई आणि त्यांत मुक्त सॉफ्टवेअर घालून देई. गिऱ्हाईक म्हणे, फुकटचं हाय म्हणून घालायलाव व्हय? की झालं! दुरुस्ती राहिली बाजूला, प्रवचन सुरू. फुकट नव्हं, मुक्त. ज्याचं आतलं काम उघडून बघता येतं, बदलता येतं, शेजाऱ्याला देता येतं, तेच आपलं. जे कुलूपबंद आहे ते पैसे मोजले तरी दुसऱ्याचंच. गिऱ्हाईक जांभया देई, पण सुगत थांबत नसे. त्याचा आजा गावविहिरीपाशी रिकामी घागर घेऊन, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत उभा राहिलेला माणूस. कुलुपाचा राग या घरात जुना होता.

याच खुळातून त्यानं आवाज बनवायला घेतला. कॉम्प्युटर मराठी वाचे तो पुण्याच्या बाईसारखा. आपल्या भागातल्या आंधळ्या पोरांनी तो का ऐकावा? म्हणून एका उन्हाळ्यात खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद करून त्यानं आईला वाक्यं वाचायला बसवलं. विमलबाई घामानं निथळत, पदरानं तोंड पुसत, शाळकरी पोरीसारख्या वाचत राहिल्या. त्या आवाजाच्या तुकड्यांवरून प्रोग्राम शिकला, आणि मग कुठलंही वाक्य टाइप करावं, विमलबाई ते बोलणार. सुगतनं तो आवाज सगळ्या जगासाठी खुला करून टाकला. कुणीही घ्यावा, बदलावा, विकावा.

“कुणी बी म्हंजे? चांगली-वाईट समदी?” त्यांनी विचारलं होतं.

“समदी.”

“मग मी काय बी बोलीन की रं,” असं म्हणून त्या खूप हसल्या होत्या. हिवाळ्यात त्या गेल्या. त्यानंतर सुगतनं तो आवाज एकदाही लावला नाही. हिंमतच झाली नाही.

लावायची गरजही उरली नाही म्हणा. गेल्या आठवड्यात तो दुकानात पेचकस घेऊन बसला असताना रस्त्यावरून भोंग्याची रिक्षा गेली. कुणीतरी वारल्याची खबर, मातीची वेळ. सांगत होत्या विमलबाई. शांतपणे, एकेका शब्दावर नीट थांबत, ज्याला कधी पाहिलंही नाही अशा माणसाच्या मातीला या म्हणत होत्या. सुगत रस्त्यावर येईपर्यंत रिक्षा चौकातून वळली. आवाज मात्र बराच वेळ येत राहिला, कधी या गल्लीतून, कधी त्या. सुगत रिक्षाच्या मागं गेला नाही. दुकानात येऊन हात धुतले, का ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

आणि आता हे. उसाच्या बोअरवर त्यानं बापासाठी मोबाईल स्टार्टर बसवला होता. लाईट आली की ती पेटी आपोआप मोटर चालू करते आणि मालकाला फोन लावून सांगते. पेटी हिंदीत बोले, ते गुंडेरावांच्या डोक्यावरून जाई. म्हणून काल संध्याकाळी सुगतनं दुकानातूनच मेसेज पाठवून भाषा मराठी केली, आणि मालकाचं नाव विचारलं तिथं बापाचं नाव घालून दिलं. आवाज कुणाचा, हे ऐकून बघितलं नाही. एवढा मोठा तज्ज्ञ!

तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. दुपारची लाईट आली होती. गुंडेराव हात लावेनात. “तूच घे. म्हंजे तुला बी पटंल.”

सुगतनं फोन कानाला लावला.

“गुंडेराव. लाईट आली. मोटर चालू झाली.”

विमलबाईच. पण कशा! बाजाराच्या गर्दीत कुणी अनोळखी बाई पाहुण्याला हाक मारते तशा. नाव सपाट, स्वच्छ, न लाजता. त्यांच्या घरात हे नाव पोस्टमनच्या तोंडी होतं, मास्तरच्या तोंडी होतं. आईच्या तोंडी कधीच नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, असं विमलबाईंच्या आईनं त्यांना सांगितलेलं. त्याच आईनं धम्म घेतल्यावर घरातले देव टोपलीत भरून नदीला सोडले होते, उपासतापास सोडले होते. तेवढी एक भीती तिच्या हातून टोपलीत घालायची राहून गेली ती राहूनच गेली.

“अप्पा, मशीन हाय ते,” सुगत म्हणाला. “मायचा आवाज मी भरलेला, मीच समद्यांना दिलेला. त्या कंपनीनं उचलला. नाव मी टाकलो. तुमाला कोण बी बोलवायलं न्हाई.”

“मला कळत न्हाई व्हय? मशीन हाय, ठाऊक हाय.”

“मग?”

“मग काय? टपाल आलं तर ते टपालवाल्यानं लिहिलेलं असतंय का?” गुंडेराव शांतपणे म्हणाले. “तिला निरोप धाडायला दुसरं काय हाय रं बाबा? तूच वाट करून ठेवलास. लई उपकार झाले.”

सुगत उठून परसात गेला आणि बसवकल्याणच्या स्टार्टरवाल्या दुकानदाराला फोन लावला. मडिवाळप्पा कन्नड माणूस, मराठी आपल्या पद्धतीनं बोले.

“अण्णा, त्या पेटीतला आवाज बदलता येतंय का?”

“कामून री? एकदम घरच्यासारखं आवाज हाय. माझ्या अप्पाला लई पसंद. लाईट न्हाई आली तरी ते फोन घेऊन बसतंय, बाई कधी बोलतीय म्हणून.”

“बदलता येतंय का तेवढं सांगा.”

“मराठीला एकच आवाज हाय, अण्णा. पेटी कंपनीची, आत आपलं काय चालत न्हाई. फुकटचं आवाज हाय म्हणं, कोण तरी सोडून दिलंय.”

सोडून दिलंय. ती माझी आई आहे, हे सुगतच्या ओठांवर आलं होतं. पण त्यानं फोन ठेवला.

राजश्री मोरीपाशी उभी राहून ऐकत होती. “तुमीच दिलाव तर तुमीच परत घ्या की. काढून टाका तिथून.”

“एकदा दिलं की दिलं. मी पुसलो तरी ज्यानं ज्यानं घेतलं त्याच्याकडं ऱ्हातंय.”

“म्हंजे आत्या आता कायमच्याच अशा...” सासूबद्दलचं ते वाक्य तिनं अर्धंच सोडलं. मग एकदम चिडून म्हणाली, “आन अप्पा गोळी खाईनात. त्याचं काय करावं ते सांगा. तुमचं ते मुक्त-बिक्त ऱ्हाऊ द्या बाजूला!”

सुगत गोळीची पुडी घेऊन पुन्हा ओट्याकडं गेला.

संध्याकाळपर्यंत गुंडेरावांनी म्हैस शेजारच्या श्रीमंतला सांभाळायला सांगितली. राजश्रीला जवळ बोलावून, भाकरी तुझ्या सासूपेक्षा तुझी चांगली, हे आजवर बोललो नव्हतो, असं सांगितलं. ती रडत आत गेली. रागावून, हातापाया पडून, डॉक्टरचं नाव घेऊनही गोळी काही पोटात गेली नाही. “ती बोलवायली, आन मी गोळ्या खाऊन हितंच बसू? बरं दिसतंय का?”

शेवटी सुगतनं हाताशी होतं तेवढं केलं. पेटीला मेसेज पाठवून मालकाच्या नावाची जागा रिकामी ठेवली. मग दुकानात जाऊन, दात आवळून, वर्षानंतर आपल्या कॉम्प्युटरवर तो आवाज उघडला. नावाची जागा कोरी सोडून तेच वाक्य दिलं. विमलबाई थेट म्हणाल्या, “लाईट आली.” पुन्हा दिलं. “लाईट आली.” कोऱ्या जागेला त्या ओळखतसुद्धा नव्हत्या. चला, नाव तर गेलं. म्हाताऱ्याला सांगता येईल की निरोप मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर त्यानं बापाला शेताकडं नेलं. गुंडेराव आढेवेढे न घेता चालले, तेच पांढरं धोतर. बोअरपाशी ऊस डोक्याच्या वर गेलेला. वारा पडला होता. एरवी अशा वेळी कुठं ना कुठं ट्रॅक्टर चालू असतो, कुणी बैलाला शिव्या देत असतं. आज सगळ्या शिवारात चिटपाखरू नव्हतं. गुंडेरावांचा दम लागलेला श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि सुगत त्याच्यावर कान ठेवून होता.

पेटीत खट्ट झालं. मोटर घुरघुरली. फोन वाजला. गुंडेरावांनी तो उचलून सुगतनं सांगितल्याप्रमाणं स्पीकरवर टाकला.

आधी काहीच नाही.

फोन कटला असावा असं वाटावं इतका वेळ काहीच नाही. मग एक बारीक श्वास आत ओढल्यासारखा. शब्द जिभेपर्यंत येऊन गिळल्यासारखा. आणि मग, खालच्या पट्टीत,

“...लाईट आली. मोटर चालू झाली.”

सुगत एकदम पेटीकडं वळला. हे असं होणार नव्हतं. त्यानं स्वतः तपासलं होतं.

गुंडेराव मात्र मान तिरकी करून ऐकत होते. वाक्य फिरून सुरू झालं. पुन्हा ती थांबण्याची जागा. पुन्हा तो श्वास. पुन्हा नाव नाही.

“बघ,” ते म्हणाले. “तुला शाळंत घालायच्या दिवशी मास्तरनं इचारलं, बापाचं नाव सांगा. मी कागद आणायला भाईर गेल्तो, ही एकलीच. अशीच थांबली. अश्शीच. मास्तर तीनदा इचारतोय आन ही नुसती उभी. मी येऊन सांगितलो तवा तिच्या जीवात जीव आला.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते ओठ दाबून हसत होते. “कालची ती न्हवं रं. कालची कोण बाई हुती कुणास ठाऊक. ही हाय माझी.”

“मग ही काय म्हणायली, अप्पा?” सुगतनं विचारलं. असं काही आपण विचारू, हे त्याला कालपर्यंत खरं वाटलं नसतं.

“काय म्हणंल? लाईट आलीया म्हणायली. पाणी द्या म्हणायली.” गुंडेरावांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि हात पुढं केला. “गोळी आणलास का?”

सुगतनं खिशातून पुडी काढून दिली. बाप गोळी जिभेवर ठेवून, बोअरच्या पाइपाला ओंजळ लावून पाणी प्यायला, आणि फोन पोराच्या हातात देऊन फावडं घेऊन सरीत उतरला.

पेटी हातभर अंतरावर खांबाला टांगलेली होती. चार स्क्रू. पेचकस सुगतच्या खिशात होता, तो असायचाच. आत कुणीतरी, कुठल्यातरी शहरात बसून, कोऱ्या जागेसाठी काहीतरी लिहून ठेवलेलं असणार. एखादी चूक असेल, एखादी रिकामी फाईल असेल. उघडलं तर कळेल. ज्याचं आतलं काम दिसत नाही त्यावर विश्वास ठेवू नये, हे त्यानं आजवर किती जणांना बजावलं होतं. त्यानं हात खिशापर्यंत नेला आणि तसाच बाहेर काढला.

फोन अजून बोलत होता. मोटर बंद करायला दोन दाबा, विमलबाई म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

“माय,” सुगत हळूच म्हणाला.

तिकडून श्वास आला. ती थांबली होती.

उसात गुंडेरावांनी पाण्याच्या दांडाचं तोंड फोडलं, पाणी सरीला लागलं, भरलं, बांधावरून खाली उतरायला लागलं. “दोन दाब रं, पाणी वाया जायलंय!” ते आतून ओरडले. सुगतच्या चपला भिजल्या. तो फोन कानाला लावून तसाच उभा होता.