पहारीचा पहिला घाव

अनुपला माशांचं वेड होतं. माशांना अनुपचं नव्हतं. दर रविवारी हा गडी गळ, निळी बादली आणि घडीची खुर्ची गाडीत टाकून मेलबर्नमधल्या मॉर्डिअॅलॉकच्या धक्क्यावर जायचा, दिवसभर समुद्राकडे बघत बसायचा आणि येताना डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवरून बांगडे विकत घेऊन घरी यायचा. "बघ आई, काय मिळालंय!" म्हणत बादली पुढे करायचा. त्याच्या आईचा, कमलाबाईंचा, सगळा जन्म कल्याणला मासे साफ करण्यात गेलेला. त्या बांगड्याच्या डोळ्यात एकदाच बघायच्या आणि म्हणायच्या, "मिळाला खरा. पण तुझ्या गळाला लागायच्या आधी महिनाभर फ्रीजरात राहून आलाय बिचारा."

अनुपची बायको करुणा हे ऐकून पोट धरून हसायची. तिची मासेमारीबद्दल काहीच तक्रार नव्हती. आठवडाभर वेअरहाउसच्या शिफ्टा करून वैतागलेला माणूस धक्क्यावरून गुणगुणत परत येतो, एवढं तिला पुरे होतं. पण त्या जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, डोंगरात थंडीनं कहर केला आणि अनुपच्या क्रिकेट टीममधल्या सारंगनं त्याला एक व्हिडिओ पाठवला. वरच्या एका धरणाच्या पाण्याचा चिंचोळा फाटा या टोकापासून त्या टोकापर्यंत गोठून पांढराफेक पडला होता.

अनुप आधीच कॅनडातले व्हिडिओ बघून बिघडलेला होता. तिकडची माणसं गोठलेल्या तळ्यावर चालत जातात, बर्फाला भोक पाडतात आणि भोकाशी खुर्ची टाकून आरामात मासे धरतात.

"वन्स इन अ लाइफटाइम चान्स आहे, करुणा. इथे असं कधीच होत नाही."

"म्हणूनच इथे असलं कुणी करत नाही. तुला पोहता तरी येतं का?"

"बर्फावर पोहायचं कशाला?"

करुणानं दोन दिवस अबोला धरून पाहिला. तिसऱ्या दिवशी अनुप थर्मल मोजे घेऊन आला, तेव्हा तिला कळून चुकलं की हा काही ऐकायचा नाही. तिला मासा नको होता. तिला नवरा परत हवा होता, आणि कोरडा हवा होता.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण मी बरोबर येणार. आणि माझं हत्यार हो म्हणेपर्यंत तू बर्फावर पाऊल टाकायचं नाही."

त्याच व्हिडिओंत तिनं पाहिलं होतं की बर्फावर जाणारा माणूस हातात लोखंडी बार घेतो, पुढे एक घाव घालतो, बार आरपार गेला नाही तरच पाऊल उचलतो, मग पुन्हा घाव. असला बार मेलबर्नमध्ये कुठे मिळेना. फिशिंगच्या दुकानातला म्हातारा तर खळखळून हसला. "मेट, चुकीच्या देशात आलीस," म्हणाला.

मग तिनं तो स्वतःच बनवायचा ठरवला. करुणा डँडेनॉन्गलाच ट्रेलरचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात टूलिंग इंजिनिअर होती. लोखंडाला कुठे कसं वळवायचं हे तिला चांगलं ठाऊक होतं. भंगारातून तिनं खांद्याएवढ्या उंचीची सळई निवडली. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा कापून तिच्या टोकाला वेल्ड केला आणि ग्राइंडरवर घासून छिन्नीसारखी धार काढली. वरच्या टोकाला मनगटात अडकवायला पट्टा लावला. शेवटी अनुपनं त्यात आपली कलाकुसर केली. थंडीत हात गारठू नयेत म्हणून मुठीवर बॅटची रबरी ग्रिप चढवली, एकावर एक दोन.

कमलाबाईंनी ते प्रकरण हातात घेऊन निरखून पाहिलं. "अगं, ही तर पहार!"

"पहारच आहे, आई. बर्फाची."

"कल्याणला पहारीनं खड्डे खणतात, आणि इथे माझा मुलगा पाण्यावर चालायला नेतोय."

बर्फाशिवाय पहारीची परीक्षा कशी घ्यायची? करुणानं गॅरेजमधला मोठा फ्रीजर रिकामा केला. ओल्या खोबऱ्याच्या आणि कोथिंबिरीच्या पिशव्या बाहेर निघाल्या तशा कमलाबाईंनी घर डोक्यावर घेतलं, पण सून बधली नाही. तिनं टबांत कमी-जास्त पाणी भरून गोठवलं, लाद्या काढून गॅरेजच्या फरशीवर मांडल्या, कारखान्यातल्या सवयीनं जाडजूड ग्लोव्ह्ज चढवले आणि घाव घातले. दोन बोटं जाडीची लादी पहिल्याच घावात फुटली. चार बोटं जाडीची तीन घाव खाऊनही शाबूत राहिली. झालं, नियम ठरला. तीन घावांत पहार आरपार गेली नाही तर पुढे जायचं, गेली तर गपचूप मागे फिरायचं.

एक गोष्ट मात्र तिच्या मनाला लागून राहिली. तिचे बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. नव्या हत्याराचा पहिला घाव ज्यानं ते बनवलं त्यानंच घालायचा, आणि मोकळ्या हातानं घालायचा, असा त्यांचा शिरस्ता. ग्लोव्ह नाही, फडकं नाही. "डोळ्यांना दिसत नाही ते हाताला कळतं," म्हणायचे. ग्राइंडरचं नवं चाक बसवण्याआधी ते बोटानं टिचकी मारून ऐकायचे. खणखणीत वाजलं तरच बसवायचे. गॅरेजमध्ये सगळं आटोपल्यावर करुणाला हे आठवलं. आता काय उपयोग, म्हणून तिनं पहार गाडीत ठेवली.

त्या शनिवारी तिघं डोंगरात जाऊन एका केबिनमध्ये राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर धरणाशी पोचले. आई गाडीतच बसेल असं अनुपला वाटलं होतं, पण कमलाबाई साडीवर लांब जॅकेट, पायात लोकरीचे बूट अशा थाटात सगळ्यांच्या आधी उतरल्या आणि जागीच थबकल्या.

समोर पाणी नव्हतं. दोन उतारांच्या मधोमध दूरपर्यंत पांढरी, सपाट, गप्प जमीन पसरली होती. धरण बांधलं तेव्हा बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे तिच्यातून वर आले होते. पक्षी नाही, वारा नाही. आपल्या श्वासाचासुद्धा आवाज मोठा वाटावा अशी शांतता होती. करुणाला भीती वाटायला हवी होती, पण तिला भरून आलं. एवढं पाणी, आणि ते असं निमूटपणे निजलेलं! कमलाबाईंनी नकळत हात जोडले.

"हे सगळं पाणी?" त्यांनी हळूच विचारलं.

"सगळं, आई," अनुप म्हणाला. त्याचाही आवाज खाली आला होता.

काठावर एक पिवळी पाटी होती. वीज बनवायला पाणी सोडतात, पातळी कधीही बदलू शकते, सावध राहा. करुणानं ती वाचून अनुपला दाखवली.

"बर्फात कसली पातळी बदलतेय?" अनुप म्हणाला, आणि तिलाही ते पटलं.

कमलाबाईंना काठावर उभं करून दोघं निघाले. पुढे करुणा, मागे अनुप. ती पहार उचलायची, तीन घाव घालायची, पांढरा चुरा उडायचा, पहार थांबायची, आणि मग ती पाऊल टाकायची. पहिली काही पावलं ती अगदी जपून टाकत होती. मग बर्फ धरून राहिला तसतसा तिचा जीव भांड्यात पडत गेला. आपण पाण्यावर उभे आहोत! तिला मागे वळून हे कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं.

अनुप तर पोरासारखा खुलला होता. त्यानं निळी बादली बर्फावर ठेवली आणि जोरात ढकलून दिली. बादली गिरक्या घेत घसरत गेली आणि बरीच पुढे, एका बुंध्याजवळ जाऊन थांबली. "तिथे बसायचं," तो म्हणाला. "चल, आता हो बाजूला. पहार आरपार जात नाहीये ना? मी पुढे होतो."

"थांब."

"आता काय राहिलं?"

"पहिला घाव राहिलाय."

"एवढं ठोकलंस ते काय होतं मग?"

"ते ग्लोव्ह्ज घालून. बाबांनी मला पाहिलं असतं तर बोलले असते."

"करुणा, प्लीज. इतक्या लांब येऊन आता हे?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नियम तिनंच केला होता आणि बर्फ त्या नियमाला उतरला होता. पण तिला पुढचं पाऊल टाकवेना. तिनं ग्लोव्ह्ज काढून खिशात कोंबले. मुठीवरच्या दोन्ही ग्रिपा सालीसारख्या सोलून काढल्या. उघडी सळई धरताच थंडी तळहाताला चावली. तिनं आधी मागे काठालगत जाऊन एक घाव घातला. दणका सरळ कोपरापर्यंत आला. खाली जमीन होती, ती उलटून बोलली. मग पुन्हा पुढे येऊन तिनं घाव घातला.

पहार वाजली. लांब, खोल वाजली, आणि आवाज खालून, बऱ्याच खालून, परत वर आला. हाताला मात्र काहीच परत आलं नाही.

"हे असं काय वाजलं गं?" काठावरून कमलाबाईंनी विचारलं.

करुणाच्या आता लक्षात आलं. गॅरेजमधल्या तिच्या सगळ्या लाद्या फरशीवर टेकलेल्या होत्या. खाली फरशी असल्यावर त्या भक्कमच लागणार होत्या. बर्फ किती जाड आहे हे तिनं तपासलं होतं; बर्फाखाली काय आहे हे तपासलंच नव्हतं. आणि जो दणका ते सांगू शकला असता, तो दोन रबरी ग्रिपांनी आणि जाड ग्लोव्ह्जनी वाटेतच गिळला होता.

"अनुप, आडवा हो. पोटावर. आत्ता."

"अगं पण..."

"आडवा हो म्हणते ना!"

लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं हा आवाज काढला नव्हता. अनुप आडवा झाला. तीही पालथी पडली आणि हात लांब करून पहारीच्या धारेनं पुढचा बर्फ टोकरू लागली. चांगला चार बोटं जाड होता. शेवटी पहार आरपार गेली आणि भोक पडलं. आता पाणी वर येईल म्हणून दोघं बघत राहिले. पाणी आलं नाही. भोक कोरडंच राहिलं.

अनुप सरपटत तिच्याजवळ आला आणि दोघांनी भोकातून खाली पाहिलं.

खाली एक दालन होतं. वरच्या बर्फातून उजेड झिरपत होता, आणि त्या उजेडानं आतली सगळी पोकळी निळी झाली होती. असा निळा त्यांनी कुठेच पाहिला नव्हता, आभाळात नाही, समुद्रात नाही. बुंधे खांबांसारखे खाली उतरत गेले होते. छताला बर्फाचे बारीक लोलक लागले होते. आणि खूप खाली, काळंभोर, न हलणारं पाणी होतं. बर्फाचा एक कपचा भोकातून निसटला. दोघं कान देऊन वाट पाहत राहिले. किती वेळानं तरी टुबुक् आवाज आला.

वीज बनवायला खालचं पाणी काढून घेतलं होतं. बर्फ मात्र दोन्ही काठांना आणि बुंध्यांना धरून तसाच वर लटकत राहिला होता. ज्याला ते तळं समजत होते ते नुसतं छप्पर होतं.

"केवढं सुंदर आहे," अनुप पुटपुटला. आणि मग आपल्या पोटाखाली काय आहे ते कळून तो झटकन भोकापासून मागे सरकला.

दोघं आलेल्या वाटेनं इंच इंच मागे सरपटत गेले. काठावरची माती हाताला लागली तेव्हा करुणानं तिच्यात बोटं रुतवली आणि तिला रडू फुटलं. सळईला चिकटून तिच्या तळव्याचं कातडं सोललं होतं. ते तिला आत्ता दिसलं.

थोड्या वेळानं डोंगरामागून ऊन आलं. फाट्याच्या त्या टोकाकडून एक आवाज निघाला, आभाळ फाटावं तसा, आणि बर्फाखालून धावत त्यांच्या दिशेनं आला. पांढऱ्या जमिनीवर काळी रेघ उमटली. मग ती अख्खी जमीन, सावकाश, मधोमध वाकली आणि खाली बसली. एका बुंध्यापासून दुसऱ्या बुंध्यापर्यंत मोठमोठ्या लाद्या उभ्या झाल्या, उन्हात निळ्या चमकल्या आणि आत गेल्या. पायाखालचा काठ थरथरला. तिघं एकमेकांना धरून उभे होते. भीती होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी तिघांच्याही छातीत दाटून आलं होतं. नजर हलवावीशी वाटत नव्हती.

निळी बादली लादीबरोबर कलंडली, घसरली आणि दिसेनाशी झाली. तिघंही तिकडेच बघत राहिले. खालून पाणी उसळलं, फेस आला, बर्फाचे तुकडे वर आले. बादली आली नाही.

"आई," अनुप म्हणाला, "मी तिथे खुर्ची टाकणार होतो."

कमलाबाईंनी त्याच्या हातातला ग्लोव्ह ओढून काढला, मग आपलाही काढला, आणि त्याचा हात आपल्या उघड्या हातात घट्ट धरून ठेवला.