पाकिटातली चाल

बुद्धिबळाच्या वर्तुळात या ग्रँडमास्टरांना 'गोचीड' म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ठाऊक होतं. वर्तमानपत्रं सभ्य असल्यामुळे 'चिवट' असं लिहीत, एवढाच काय तो फरक. वजीर देऊन टाळ्या घ्याव्यात, असा त्यांचा पिंड नव्हता. ते नुसते बसत. समोरचा कंटाळेपर्यंत बसत. पार बुडालेला डावही सोडत नसत. मग सहाव्या तासाला समोरच्याच्या हातून एखादी चूक झाली, की अर्धा गुण पदरात पाडून निमूटपणे घरी जात. तरुण खेळाडू वैतागून म्हणत, या माणसाला हरवणं एक वेळ जमेल, पण तो हरलाय हे त्याला पटवणं महाकठीण. बायकोचंही तेच म्हणणं होतं. घरातल्या वादात तिने कैक वेळा सांगून पाहिलं होतं, "हरलात हो, मान्य करा आणि भाजी घेऊन या."

या चिवटपणाचं मूळ लोकांनी त्यांच्या स्वभावात शोधलं, बालपणात शोधलं. ते होतं कपाटाच्या खणात, एका तपकिरी पाकिटात.

तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. त्या काळी डाव पाच तासांत संपला नाही, की दुसऱ्या दिवसावर जाई. ज्याची खेळायची वेळ असेल त्याने आपली चाल पटावर न खेळता कागदावर लिहायची, पाकिटात घालायची आणि पाकीट डिंकाने बंद करून पंचांच्या हवाली करायचं. सकाळी पंच ते सर्वांसमोर फोडत आणि डाव पुढे सुरू होई. त्या संध्याकाळी पटावर पाचच सोंगट्या उरल्या होत्या. यांच्याकडे राजा, हत्ती आणि एक प्यादं. समोर राजा आणि हत्ती. जिंकले तर ग्रँडमास्टर, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. चाळीस मिनिटं विचार करून त्यांनी ठरवलं होतं, राजा पुढे न्यायचा. प्यादं ढकललं, तर जिंकलेला डाव बरोबरीत निसटू शकत होता, म्हणून ते काही झालं तरी ढकलायचं नाही. मग पंचांनी कागद पुढे केला, आणि ज्या चालीला चाळीस मिनिटं नको नको म्हणत होते, नेमकी तीच हाताने लिहिली. खोलीवर चहा पिताना त्यांना ते आठवलं. कप तसाच राहिला.

सकाळी ते गेले ते वध्यस्थानी निघाल्यासारखे. पण समोरचा त्यांच्या आधीच येऊन उभा होता. "मी डाव सोडतो," तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. पंचांनी पाकीट न फोडताच यांच्या हातात दिलं. "ठेवा आठवण म्हणून," ते हसून म्हणाले. नियमाने तो विजयच होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. ग्रँडमास्टरांनी हात मिळवला, पाकीट खिशात घातलं आणि गप्प राहिले.

त्या दिवसापासून त्यांनी एकही डाव वेळेआधी सोडला नाही. समोरच्याच्या पाकिटात काय असतं, हे त्यांच्याइतकं पक्कं कोणाला माहीत असणार?

समोरचा होता त्यांचा बरोबरीचा दोस्त. तो त्यानंतर कुठल्याच स्पर्धेत दिसला नाही. वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात बसला, आणि आता त्याला तिथे बसून एकतीस वर्षं झाली होती.

हे सगळं वर आलं ते पुतणीमुळे. ग्रँडमास्टर निवृत्त झाले आणि तिने त्यांच्यावर पुस्तक लिहायला घेतलं. पहिलं प्रकरण अर्थातच त्या डावाचं. सगळे धरून चालत त्याप्रमाणे 'राजा पुढे नेण्याची ती अजोड चाल' असं तिने लिहूनही टाकलं होतं. सोमवारी पुस्तक छापायला जाणार होतं.

"काका, पाकीट फोडू या ना," ती म्हणाली. "आतल्या कागदाचा फोटो टाकू पहिल्या पानावर."

"मी फोडतो," काका म्हणाले. "पण आधी एकाला दाखवून येतो."

वाटेत त्यांनी दोनदा परत फिरायचा विचार केला. खरं सांगून आपला भार हलका होईल, पण त्या बिचाऱ्याचा वाढेल. सुखाने चाललेल्या माणसाला जाऊन सांगायचं, की बाबा रे, तू उगाच हरलास? आणि नाही सांगितलं, तर सोमवारी ती खोटी चाल छापली जाईल आणि कायमची खरी होऊन बसेल. त्यांना भीती वाटत होती, आणि ती कशाची हे त्यांना नीट माहीत होतं. हा एकच माणूस असा होता, की ज्याने तोंड फिरवलं असतं तर त्यांना सोसलं नसतं.

दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाल्याने त्यांना पाहिलं आणि आनंदाने हातातली फ्रेम खाली ठेवली.

"या ग्रँडमास्टर. बस खुर्चीवर. तुझ्या काचा बघूनच कळतंय, नंबर वाढलाय."

त्याने त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि पेटीतून एकेक भिंग काढून घालायला सुरुवात केली. "आता बरं, की मघाशी बरं?" ग्रँडमास्टरांना तीन ओळी वाचता आल्या. चौथी येईना. त्यांनी खिशातून पाकीट काढून त्याच्यापुढे धरलं.

"हे आधी वाच."

चष्मेवाल्याने पाकीट लगेच ओळखलं. पंचांची सही होती, तारीख होती. त्याने कात्रीने कड कापली, कागद उलगडला आणि खिडकीपाशी नेला.

"प्यादं," तो म्हणाला.

"हो."

"तुला केव्हा कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

"आणि सकाळी माझा हात हातात घेतलास." तो वळला. आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता. "मी रात्रभर राजाचीच चाल धरून बसलो होतो. तू दुसरं काही लिहिशील असं मनातसुद्धा आलं नाही. म्हटलं, हा चुकायचा नाही. घरी गेलो आणि बापाला सांगितलं, मला पटावरचं दिसत नाही, मी दुकानात बसतो."

"मी सांगायला हवं होतं."

"हवंच होतं. एकतीस वर्षांत या दुकानावरून किती वेळा गेलास? चष्मे नेलेस चार. तेव्हा तोंडाला काय कुलूप होतं?"

नाकावरच्या फ्रेममधून ग्रँडमास्टरांना दोस्त धूसर दिसत होता, आणि ती काढायचंही त्यांना सुचत नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

चष्मेवाल्याने नंबर लिहायच्या वहीतलं एक पान फाडलं, पालथं केलं आणि पट्टी घेऊन त्यावर चौसष्ट घरं आखली. मग त्याने भिंगांची पेटी ओढली. लाल कडेची भिंगं यांची, काळ्या कडेची त्याची. जाड भिंग राजा, मध्यम तो हत्ती, आणि पाव नंबरचं लाल भिंग झालं प्यादं. एकही सोंगटी मांडताना तो अडखळला नाही. एकतीस वर्षं जुना डाव त्याला तोंडपाठ होता. प्यादं त्याने एक घर पुढे सरकवलं.

"ही तुझी चाल. आता माझी."

तो बसला. हत्ती प्याद्याच्या मागे न्यावा असं कोणालाही वाटलं असतं. त्या चालीने डाव जातो, हे ग्रँडमास्टरांना माहीत होतं. वाचवणारी चाल एकच होती, आणि ती दिसायला वेडगळ होती. दार उघडून एक बाई आत आल्या, तर मालक मान वर न करता म्हणाला, "अर्ध्या तासाने या, ताई." ग्रँडमास्टर आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्याला चाल सापडावी म्हणून देव पाण्यात घालून बसले होते.

वीस मिनिटांनी चष्मेवाल्याने काळा हत्ती उचलला आणि पार लांबच्या कडेला नेऊन ठेवला.

तीच ती चाल होती. आजवर पटावर ग्रँडमास्टरांचा हात कधी आधी पुढे झाला नव्हता. तो त्यांनी पुढे केला. "बरोबरी."

चष्मेवाल्याने हातात हात दिला नाही. "वा रे वा. सगळ्या जगाला सात सात तास पिळलंस, आणि मला वीस मिनिटांत वाटेला लावतोस? नाही. खेळ. माझ्याशी अखेरपर्यंत खेळ."

मग ते खेळले. ग्रँडमास्टरांनी आपली सगळी विद्या पणाला लावली, कारण कमी लावली असती तर त्याला कळलं असतं. लाल राजा लपायला जाई, काळा हत्ती बाजूने शह देई. बाई येऊन चष्मा घेऊन गेल्या. शेवटी पाव नंबरचं प्यादं पडलं, हत्तीला हत्ती कापला गेला, आणि कागदावर दोनच जाड भिंगं उरली.

आता चष्मेवाल्याने हात पुढे केला. ग्रँडमास्टरांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"पुस्तकात खरं काय ते लिहायला सांग," तो म्हणाला. "आणि निकालही लिही, आजच्या तारखेसकट."

"रागावलायस ना अजून?"

"रागावलोय तर. एका दुपारीत जायचा राग नाही तो." त्याने दोन्ही भिंगं उचलली, रुमालाने पुसून पेटीत जागच्या जागी ठेवली आणि ग्रँडमास्टरांना पुन्हा खुर्चीत बसवलं. "चौथी ओळ राहिली होती. वाच." ती त्यांनी वाचली.

नंबर लिहून झाल्यावर वही मिटत तो म्हणाला, "चष्मा गुरुवारी मिळेल. येताना पट घेऊन ये. माझ्याकडे नाहीये."